रिव्हॉल्व्हर : जुन्या घडणीचे की नव्या?

स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना मिळाल्यानंतर कोणते रिव्हॉल्व्हर घ्यावे, हा प्रश्न उभा राहतो. घरात वाडवडिलांचे शस्त्र असेल, तर तेच वापरावे की नवे घ्यावे, असाही पेच पडतो. त्याचे उत्तर शस्त्राच्या रूपापेक्षा त्याच्या रचनेत शोधणे हिताचे ठरते.

अमेरिकेतील सॅम्युएल कोल्ट यांनी १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळवले. पुढे ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले आणि त्याची घडण भारतात रुजली. कानपूरच्या शासकीय कारखान्यातील .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर याच परंपरेतील आहे.

रचनेतील फरक

पारंपरिक वेब्ली पद्धतीत खटका दाबताच नळी बिजागरीवर पुढे झुकते आणि सहाही रिकामी काडतुसे एकदम वर उचलली जातात. हाताळणी सुलभ असली, तरी प्रत्येक बाराचा ताण बिजागरी व खटक्यावर येतो. वर्षानुवर्षांच्या वापराने हा सांधा सैल होऊ शकतो. आधुनिक पद्धतीत सांगाडा अखंड असतो आणि काडतुसांचे चक्र बाजूला उघडते. त्यामुळे मजबुती अधिक मिळते. अमेरिकी नौदलाने १८८९ मध्येच अशी रचना स्वीकारली होती. भारतीय नागरिकांसाठी मात्र ती बरीच उशिरा आली. कानपूरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया' या सरकारी कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेले 'प्रबल' याच प्रकारचे आहे.

वजन आणि धक्का

जानेवारी २०१४ मध्ये महिलांना डोळ्यांसमोर ठेवून आणलेल्या 'निर्भीक'चे वजन सुमारे ५०० ग्रॅम असून त्यात टायटॅनियम मिश्रधातू वापरला आहे. त्या वेळी त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. 'प्रबल'चे वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे. हलके शस्त्र बाळगण्यास सोयीचे खरे. परंतु काडतूस तेच असल्यास हलक्या शस्त्राचा धक्का हाताला अधिक बसतो. शिवाय घरातील प्रसंग काही पावलांच्या अंतरावर घडतात. त्यामुळे जाहिरातीतील पल्ल्यापेक्षा मुठीची पकड आणि चाप ओढण्यास लागणारा जोर महत्त्वाचा ठरतो.

सुरक्षितता

अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरची टोकदार पिन थेट काडतुसावर टेकत असे. शस्त्र हातातून पडले, तरी बार उडण्याचा धोका असे. म्हणूनच हॅमरखालचे घर रिकामे ठेवण्याची प्रथा पडली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय हॅमरचा आघात काडतुसापर्यंत पोहोचू न देणारी योजना अनेक आधुनिक शस्त्रांत असते. वडिलोपार्जित शस्त्र वापरण्यापूर्वी परवानाधारक कारागिराकडून तपासून घेणे म्हणूनच अत्यावश्यक होय.

कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्यासाठी सर्वसाधारणपणे किमान वय २१ वर्षे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ अग्निशस्त्रे बाळगता येतात. पूर्वी ही मर्यादा ३ होती. परवान्याची मुदतही ३ वरून ५ वर्षे झाली. आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त, तर अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी परवाना देतात. परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र आपोआप वारसाचे होत नाही. ते विलंब न लावता जमा करून वारसाने स्वतंत्र परवाना मिळवावा लागतो. ९ मि.मी.सारखे निषिद्ध बोअर सामान्य नागरिकांना वर्ज्य आहेत.

निवड कशी करावी?

नियमित सराव आणि वापरासाठी अखंड सांगाड्याचे आधुनिक शस्त्र अधिक योग्य. सुस्थितीतील, तपासलेले पारंपरिक शस्त्रही उपयोगी पडते. मात्र सांधा सैल असल्यास त्याचा मोह टाळावा. शस्त्र कोणतेही असो, ते रिकामे करून कुलूपबंद ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत आणि किल्ली मुलांच्या हाती लागू नये. ज्या घरात ही शिस्त पाळणे शक्य नाही, त्या घरात रिव्हॉल्व्हर न आणणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो.