व्हिपल शस्त्रक्रिया : धोका कमी कसा झाला?

स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कॅन्सरसाठी ‘व्हिपल’ ऑपरेशन सुचवले की नातेवाईक विचारतात, “पेशंट यातून उठेल ना?” एकेकाळी सर्जनलाही हीच धास्ती असे.

१९०९ मध्ये बर्लिनच्या वॉल्टर काउश यांनी असे ऑपरेशन दोन टप्प्यांत यशस्वी केले. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल यांनी तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. तेव्हाही टप्पे दोनच होते. कारण होते कावीळ. पित्त आतड्यात पोहोचले नाही तर ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त नीट गोठत नाही. म्हणून आधी पित्ताला वाट करून देत आणि गाठ नंतर काढत. ‘के’ जीवनसत्त्व उपलब्ध झाल्यावर, १९४० मध्ये, व्हिपल यांनी ते एकाच टप्प्यात केले.

तरीही १९७० च्या दशकापर्यंत अनेक रुग्णालयांत साधारण चारातला एक रुग्ण दगावत असे. आज अनुभवी केंद्रांत हे प्रमाण पाच टक्क्यांखाली आहे. स्वादुपिंड आणि आतड्याचा जोड आजही गळू शकतो. पण सीटी स्कॅनमध्ये साठलेला द्राव दिसतो, नळी घालून तो काढता येतो आणि अतिदक्षता विभाग साथ देतो.

म्हणून डॉक्टरांना जरूर विचारा, “इथे वर्षाला अशी किती ऑपरेशन्स होतात?” आणि घरी आल्यावर धीर धरा. भूक व ताकद परतायला काही महिने लागतात. काहींना जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, काहींना मधुमेहाचे उपचार.