महागडा चढाईपटू व संघबांधणी (प्रो कबड्डी लीग)

लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची कमाल मर्यादा असते. ती 2023 च्या दहाव्या हंगामासाठी 5 कोटी रुपये होती. त्यातील 2.605 कोटी तेलुगू टायटन्सने एकट्या चढाईपटू पवन सेहरावतवर लावले आणि उरलेल्या निम्म्याहून कमी रकमेत बाकीचा संघ जुळवला. संघ 22 पैकी 2 सामने जिंकून तळाला राहिला. दोष पवनच्या खेळाचा नव्हता. कबड्डीत बाद झालेला चढाईपटू बाकावर बसतो आणि सहकाऱ्यांनी प्रतिस्पर्ध्यांचा गडी टिपला किंवा सगळा संघ बाद झाला तरच पुन्हा मैदानात येतो. बचाव दुबळा असेल तर संघाचे कोट्यवधी रुपये बाकावरच बसून राहतात. 

पुणेरी पलटणनेही त्याच लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी 2.35 कोटी मोजले, पण तो बचावपटू. शिवाय अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही आधीच्या हंगामांपासून जपलेली फळी हाताशी होती. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले.