सौर ऊर्जा व हायड्रोजन : कळमेश्वरमधील व्यवहार्यता

नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर तालुक्यात संत्र्याच्या बागा आणि औद्योगिक वसाहत शेजारी नांदतात. कोराडी व खापरखेडा ही कोळशावरची वीज केंद्रे जवळच आहेत. कोळशाला पर्याय म्हणून सौर ऊर्जा आणि हायड्रोजन यांचा हिशेब येथे वेगवेगळा मांडावा लागतो.

बागायतदाराला सौर वीज आजच उपयोगी आहे. शेतीला थ्री-फेज पुरवठा पाळीने, बरेचदा रात्री मिळतो. ओलितासाठी अंधारात, सापविंचवाच्या भीतीत मोटार सुरू करायला जावे लागते. 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमकी या दुखण्यावर आहे: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देणे. विदर्भाचे ऊन मात्र दुधारी. पॅनेलची क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजतात. त्यापुढे दर अंशाला सुमारे 0.3 ते 0.4 टक्के उत्पादन घटते, आणि मे महिन्यात पॅनेल 60 अंशांपर्यंत सहज तापते.

हायड्रोजनचे गणित कठीण आहे. पाण्याच्या विद्युत विघटनाने एक किलो हायड्रोजन मिळवायला 50 ते 55 युनिट वीज लागते. इंधनघटातून परत मिळतात जेमतेम 15 ते 20 युनिट. पंपासाठी तो आतबट्ट्याचाच व्यवहार.

पोलादाचे तसे नाही. कळमेश्वरात जेएसडब्ल्यूचा लेपित पत्र्यांचा कारखाना आहे. जस्त चढवण्याआधी पत्रा भट्टीत तापवताना त्यावर ऑक्साइड धरू नये म्हणून हायड्रोजन-नायट्रोजनचे मिश्रण वापरण्याची या उद्योगात सर्वत्र रीत आहे. येथे हायड्रोजनला वीज हा पर्याय नाही, म्हणून राज्याच्या 2023 च्या हरित हायड्रोजन धोरणाला अशा कारखान्यांत खरा वाव आहे.