केळीवरचा हरण्या: रोग येतो कुठून, ओळखायचा कसा आणि फवारणीने बरा का होत नाही?

मृगबागेची लागवड झाली, ढगाळ हवा आणि पावसाची झड लागली, की रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगरपासून धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरपर्यंत बांधावर एकच प्रश्न ऐकू येतो. "पानावर पिवळे पट्टे दिसताहेत, हरण्या तर नाही ना?" 2020 आणि 2022 च्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या अनेक शेतकऱ्यांना कोवळ्या बागा उपटून फेकाव्या लागल्या. म्हणून या रोगाची नीट माहिती प्रत्येक केळी उत्पादकाकडे असायला हवी.

हरण्या म्हणजे काय?

हरण्या हा विषाणूजन्य रोग आहे. विषाणूचं नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजेच सीएमव्ही. 1916 मध्ये अमेरिकेत काकडीवर त्याची नोंद झाली, म्हणून हे नाव पडलं. प्रत्यक्षात तो बाराशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर जगतो. त्याचा कण साधारण 28 नॅनोमीटरचा, म्हणजे शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारा. तो बुरशी नाही आणि जिवाणूही नाही. त्यामुळे बुरशीनाशक किंवा अँटिबायोटिक मारून तो जात नाही. तो झाडाच्या पेशीत शिरून तिथेच वाढतो. लागण झालेलं झाड बरं करणारं औषध आज बाजारात नाही.

लक्षणं कोणती?

• पानाच्या शिरांना समांतर पिवळसर, तुटक पट्टे दिसतात.
• पानं अरुंद व वेडीवाकडी होतात, कडा गुंडाळतात.
• हवा थंड व दमट असेल तर पोंगा सडतो.
• झाड खुजं राहतं. घड निसवत नाही, निसवला तरी फण्या बारीक राहतात.

लागवडीनंतरचे पहिले तीन-चार महिने सर्वात धोक्याचे असतात.

पसरतो कसा?

मावा हा त्याचा वाहक. रोगट झाडाचा रस चाखायला माव्याला काही सेकंद पुरतात आणि लगेच दुसऱ्या झाडावर बसला की लागण होते. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून नुसत्या फवारणीवर भरवसा ठेवता येत नाही.

"माझ्या केळीवर मावा दिसतच नाही, मग रोग आला कसा?" असं बरेच जण विचारतात. कापूस, काकडी, भोपळ्यावरचा मावा केळीवर सहसा वस्ती करत नाही. तो येतो, चव घेतो आणि उडून जातो. विषाणू मात्र मागे राहतो.

दिसायला निरोगी, आत विषाणू

दुसरी वाट म्हणजे कंद आणि रोपं. मातृझाडात विषाणू असेल तर तो पिलात उतरतो, मग लक्षणं दिसोत वा न दिसोत. ही गोष्ट फक्त केळीची नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या टँपा उपसागरात पाण्याखाली वाढणाऱ्या टर्टल ग्रास या समुद्री गवतातही शास्त्रज्ञांना एक विषाणू सापडला. त्याची माहिती 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. ते गवत वरून हिरवंगार, निरोगी दिसत होतं. विषाणू कळला तो प्रयोगशाळेत त्याची जनुकीय तपासणी केल्यावर. तेच केळीलाही लागू आहे. डोळ्यांनी पाहून "रोप स्वच्छ आहे" असं सांगता येत नाही. त्यासाठी एलायझा किंवा पीसीआर चाचणीच करावी लागते.

टिश्यू कल्चर रोपं घेताना

टिश्यू कल्चर म्हणजे आपोआप विषाणूमुक्त, हा गैरसमज आहे. एका रोगट मातृझाडापासून हजारो रोगट रोपं तयार होऊ शकतात. यासाठीच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये एनसीएस-टीसीपी ही प्रमाणन व्यवस्था सुरू केली. रोपं घेताना विषाणू तपासणीचं प्रमाणपत्र मागा, पक्कं बिल घ्या आणि दोन्ही जपून ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा असतो.

बागेत हरण्या दिसला तर

• पहिले काही महिने दर चार-पाच दिवसांनी बागेत फिरा.
• रोगट झाड कंदासकट उपटा आणि बागेबाहेर नेऊन पुरा किंवा जाळा. बांधावर टाकू नका.
• बाग व बांध तणमुक्त ठेवा. तणातही हा विषाणू तग धरतो.
• काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची ही आंतरपिकं टाळा.
• माव्यासाठी कृषी सहायकाला किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात विचारून शिफारशीचंच औषध फवारा.
• नांग्या खात्रीच्या रोपांनीच भरा. रोगट बागेतली पिलं लावू नका.

पोटच्या पोरासारखं वाढवलेलं झाड उपटताना जीव तुटतो, हे खरं. पण ते एक झाड राखलं तर शेजारची दहा जातात. आणि एकट्याने उपटून भागत नाही. शेजाऱ्याच्या बागेत रोग राहिला तर मावा बांध ओलांडून येतोच. हरण्या आवरायचा तर शिवारातल्या सगळ्यांनी मिळूनच हे काम करावं लागेल.