समुद्रातली पालथी परात

भूगर्भातले तेल म्हटले की आमच्या वर्गातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे पाताळातले एखादे तळे उभे राहते. मॅट्रिकपर्यंत पोचलेल्या त्यांच्या मास्तरांची समजूतही बरीच वर्षे तशीच होती! वस्तुतः तेल असते ते खडकाच्या बारीक छिद्रांत, भिजल्या विटेत पाणी असावे तसे. पाण्याहून हलके, म्हणून ते वर वर सरकते. आणि थरांना वाक पडून एखाद्या गच्च थराची पालथी परात वर आडवी आली, तर तिथेच अडकून साठते.

डोंगराळ मुलुखात हा वाक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत तर अधिकच. १९७२ साली अमेरिकेने लँडसॅट उपग्रह सोडल्यावर एकेका चित्रात केवढाले प्रदेश मावू लागले. पण मुंबईच्या पश्चिमेला पाहावे तर नुसता दर्या. तिथे काम डोळ्यांचे नव्हे, कानांचे.

१९६० नंतरच्या दशकात ‘अकादमिक आर्खांगेल्स्की’ या रशियन जहाजाने हा समुद्र धुंडाळला. पाण्यात हादरा द्यायचा, खालच्या थराथरावरून परतणारा प्रतिध्वनी टिपायचा आणि त्याला लागलेल्या वेळावरून खोली काढायची. असे असंख्य प्रतिध्वनी शेजारी शेजारी मांडले, तेव्हा मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर एक प्रचंड परात पालथी पडलेली दिसली. हेच ते ‘बॉम्बे हाय’.

परात दिसली खरी. पण तिच्याखाली तेल आहे की खारे पाणी, हे प्रतिध्वनी सांगत नाही. ते भोक पाडल्यावरच कळते, आणि भर समुद्रात भोक पाडणे म्हणजे पैशांची होळी. १९७० साली खंभातच्या आखातात आलिया बेटाजवळ खोदलेल्या विहिरीने निराशाच केली होती. त्यात १९७३च्या अरब-इस्राएल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. रॉकेलच्या रांगांच्या कहाण्या आमच्या आईकडून आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत.

अशा वेळी जपानात बांधलेला ‘सागरसम्राट’ येऊन उभा राहिला. उभा हा शब्द अगदी खरा. कारण समुद्रतळावर पाय रोवून तो आपले धड पाण्याबाहेर उचलतो. फेब्रुवारी १९७४मध्ये त्याच्या विहिरीला चुनखडकात तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल जहाजांतून येई. १९७८ साली समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ आला.