तीन कॉर्ड आणि गाणारी मंडळी : कंट्री संगीतातील गिटारवादनाची ओळख

अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मध्ये महाजनक जातकाचे भित्तिचित्र आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील या चित्रात मध्यभागी नर्तिका असून तिच्या भोवती बासरी व तालवाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया आहेत. साथसंगतीची कला आपल्या भूमीत किती जुनी आहे, याची ती साक्ष होय. आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुलामुलींना गिटार शिकावीशी वाटते. त्यांनी आरंभ कोठून करावा, असा प्रश्न पालक व गायकवृंदाचे प्रमुख विचारीत असतात. अमेरिकेतील कंट्री संगीताची कॉर्डरचना हा त्यासाठी सोपा व उपयुक्त मार्ग आहे, असे आम्हांस वाटते. त्याची माहिती येथे देत आहोत.

पार्श्वभूमी

कंट्री संगीत हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण भागातील लोकगीते, नृत्यधुना व चर्चमधील स्तोत्रे यांतून घडले. १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी राल्फ पीर यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांतून कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे गायक प्रथम पुढे आले. कार्टर कुटुंबातील मेबेल कार्टर (१९०९–१९७८) अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवीत आणि त्याच वेळी बोटाने बारीक तारा छेडून ताल राखीत. आपल्याकडे मुंबई-गोव्यातील ख्रिस्ती घरांत हे संगीत पोहोचले ते मुख्यतः जिम रीव्हज (१९२३–१९६४) यांच्या आवाजातून. त्यांचा १९६३ चा नाताळगीतांचा संग्रह जुन्या पिढीतील अनेकांना आठवत असेल.

कॉर्ड म्हणजे काय?

तीन वा अधिक स्वर एकाच वेळी वाजविले म्हणजे कॉर्ड होते. शुद्ध स्वरसप्तकात ‘सा’वर उभी राहणारी ती पहिली कॉर्ड : सा, ग, प. ‘म’वरची चौथी : म, ध, सा. ‘प’वरची पाचवी : प, नी, रे. या तिन्ही कॉर्ड मिळून सातही शुद्ध स्वर येतात, हे वाचकांच्या लक्षात येईल. म्हणूनच शुद्ध स्वरांतील साध्या चालीला या तिघींची साथ बहुधा पुरते. पाचव्या कॉर्डमध्ये ‘म’ मिळविला म्हणजे ‘सेव्हन्थ’ होते. ती ऐकताच कान पुन्हा ‘सा’ची वाट पाहू लागतो.

सोळा मात्राखंडांचा एक नेहमीचा साचा पुढीलप्रमाणे आहे. प्रत्येक अंक म्हणजे एक खंड :

१ १ ४ १
१ १ ५ ५
१ १ ४ १
१ ५ १ १

बोटे आणि ताल

गिटारच्या तारा जाडीकडून बारकाईकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. सर्वांत बारीक ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. ‘जी’ हा सा मानला तर जी, सी व डी या तीन कॉर्ड लागतात.

जी : सहावी तार तिसऱ्या पडद्यावर, पाचवी दुसऱ्या पडद्यावर, पहिली तिसऱ्या पडद्यावर.
सी : पाचवी तार तिसऱ्या पडद्यावर, चौथी दुसऱ्या, दुसरी पहिल्या पडद्यावर, सहावी वाजवू नये.
डी : तिसरी व पहिली तार दुसऱ्या पडद्यावर, दुसरी तिसऱ्या पडद्यावर, सहावी वाजवू नये.

उजव्या हाताचे काम त्याहून महत्त्वाचे. चारच्या लयीत पहिल्या मात्रेला अंगठ्याने एक जाड तार, दुसऱ्या मात्रेला बारीक तारांवर झणकार, तिसऱ्या मात्रेला दुसरी जाड तार, चौथ्या मात्रेला पुन्हा झणकार, असा क्रम असतो. जी कॉर्डसाठी सहावी व चौथी, सीसाठी पाचवी व चौथी, डीसाठी चौथी व पाचवी तार घ्यावी. केरव्याशी हा क्रम सहज जुळतो. दादऱ्यासाठी एक जाड तार आणि दोन झणकार, असे तीन-तीन मात्रांचे वादन करावे. शिकणाऱ्याने प्रथम गाण्याविना, तबल्याच्या संथ ठेक्यावर, केवळ जीवरून सीवर व परत येण्याचा सराव रोज करावा. कॉर्ड बदलताना हात अडखळला तरी ताल थांबवू नये. एखादा झणकार सुटला तर चालेल.

अंकांची भाषा आणि पेटीची पट्टी

कॉर्ड नावांऐवजी अंकांनी लिहिण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिल शहरात जॉर्डनेअर्स या गायकवृंदाचे नील मॅथ्यूज यांनी रूढ केली. पुढे चार्ली मॅकॉय यांनी ती वाढविली. गायकाच्या आवाजानुसार सा बदलला तरी लिहिलेले अंक तेच राहतात.

या पद्धतीचे महत्त्व आम्हांस एका सणाच्या मिस्सेत कळले. पेटी काळी चारवर होती आणि गिटारवादक तरुणाला केवळ जी येत होता, म्हणजे पांढरी पाच. दोहोंत अर्ध्या स्वराचे अंतर. दुसऱ्या कडव्यापर्यंत पुढच्या रांगेतील वयस्क बायका, ज्यांना ते भजन लहानपणापासून पाठ होते, एकेक करून गप्प झाल्या. वास्तविक उपाय साधा होता : गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, लावून तीच जी, सी, डी वाजविली असती तर ती काळी चारला जुळली असती. त्याचप्रमाणे काळी एकसाठी पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सीची, काळी दोनसाठी डीची आणि काळी पाचसाठी तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून जीची आकृती वाजवावी. सा पेटीवाल्याला विचारावा. पेटीवाल्याने तो गाणाऱ्यांना विचारावा.

कोठे थांबावे?

रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या काळापासून मराठी ख्रिस्ती गायनात भजन-अभंगांची परंपरा रुजलेली आहे. रागांवर बांधलेल्या चालींना तीन कॉर्डचा साचा सरसकट लावू नये. भूपात म व नी वर्ज्य आहेत. चौथी कॉर्ड म आणते, पाचवी नी आणते. यमनात म तीव्र असल्याने चौथ्या कॉर्डचा शुद्ध म त्याच्याशी भांडतो. भैरवीत ग कोमल असल्याने पहिली कॉर्डच विसंवादी होते. अशा वेळी केवळ सा व प धरावेत. पांढरी दोनसाठी चौथी तार मोकळी, तिसरी दुसऱ्या पडद्यावर, दुसरी तिसऱ्या पडद्यावर. बाकीच्या तारा वाजवू नयेत. तंबोऱ्यासारखा आधार मिळतो आणि चाल अबाधित राहते.

उपासनेत पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, योग्य अशी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये अनुमती दिली. १९६७ च्या ‘मुसिकाम साक्राम’ या सूचनापत्राने वाद्यांनी आवाजाला आधार द्यावा, शब्द झाकू नयेत आणि धर्मगुरू एकटे प्रार्थना म्हणत असताना मौन पाळावे, असे सांगितले आहे. उपवासकाळात वाद्ये केवळ गायनाच्या साथीसाठी असतात, याचाही विसर पडू नये.

तीन कॉर्ड शिकण्यास फार काळ लागत नाही. त्या कोणत्या पट्टीत व केव्हा वाजवाव्यात आणि केव्हा हात आवरावा, हे कळण्यास मात्र लागतो. गिटार सुरू झाल्यावर पुढची रांग अधिक मोकळ्या आवाजात गाऊ लागली, तर शिकणाऱ्याने आपला अभ्यास योग्य दिशेने चालला आहे असे खुशाल समजावे.