छपरावरची एरियल आणि खिशातला मोडेम

जुन्या रेडिओच्या काचेवर मीटरचे आकडे छापलेले असत. पंचवीस मीटर, एकेचाळीस मीटर. आमच्या वडिलांची पिढी या आकड्यांवर सिलोन शोधायची, पण तो आकडा म्हणजे लहरीची लांबी, हे फार थोड्यांना ठाऊक होते. तरी हात बरोबर चालत. मोहल्ल्यातल्या छतांवर दोन बांबूंमध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली दिसे. ती किती उंच आणि कोणत्या दिशेला बांधायची, हे लोक ऐकून ऐकून ठरवत.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. पण एरियलच्या इतिहासात या शहराचे नाव खरे मोठे झाले ते १८ मे १९८८ रोजी. त्या दिवशी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी इथून १५६६ किलोहर्ट्झवर सुरू झाली. प्रक्षेपकाची शक्ती १००० किलोवॅट होती. मध्यम लहरी रात्री वरच्या वातावरणावर आपटून दूरवर परततात, म्हणून वाहिनी रात्रीची ठेवली आणि जागा देशाच्या मध्यावरची निवडली. त्या लहरीची लांबी सुमारे १९१ मीटर, तिचा चतुर्थांश जवळपास ४८ मीटर. एवढ्या मापाचा मनोरा घरात कोण ठेवणार? डिसेंबर २०१८ मध्ये ही वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला.

मधल्या काळात एरियल आक्रसत गेली. १९९९ च्या नोकिया ३२१० मध्ये ती फोनच्या पोटात शिरली आणि लोकांना वाटले, आता एरियल उरलीच नाही. पुढे संगणकाला खोचायचे डेटा कार्ड आले, मग खिशातला हॉटस्पॉट. आपल्याकडे फोर-जी प्रामुख्याने ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते. चतुर्थांश लांबी अनुक्रमे सुमारे ९, ४ आणि ३ सेंटिमीटर. बोटभर डबीत या सगळ्यांसाठी, तेही दोन-दोन एरियल बसवायच्या, म्हणजे तडजोड आलीच. सर्वांत लांब लहरीला ती जास्त सोसावी लागते.

एप्रिल २०२० मध्ये मोमिनपुरा प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद झाला, आणि शाळा फोनवर आली. पॅक भरलेला, मनोरा जवळ, तरी तास तुटत. "त्या वस्तीत नेटच नाही," असे सहज बोलले गेले. माझ्या मते दोष वस्तीचा नव्हता, जागेचा होता. अरुंद गल्ली, जाड भिंती, पत्र्याचे छप्पर. माझ्या भाचीचे डेटा कार्ड लोखंडी कपाटामागच्या टेबलावर लॅपटॉपला खोचलेले असे. तीन मीटरची यूएसबी वायर आणून ते खिडकीच्या चौकटीला दोऱ्याने बांधले, तेव्हा गणिताचा तास पुरा झाला.

वायर यूएसबीची असेल तर आत आकडे जातात, त्यामुळे नुकसान नाही. एरियलची वायर मात्र लहर खाते. बारीक वायर दहा मीटर ओढली तर वाटेत शक्तीचा नऊ दशांशांहून अधिक भाग संपतो, मग गच्चीवर महागडी एरियल लावून काय मिळाले? मोडेम वर न्यावा, वायर आखूड ठेवावी. काही मोडेमच्या रबरी झाकणाखाली बाहेरच्या एरियलसाठी बारीक खाच असते. दोन असतील तर दोन्ही वापराव्यात, एक एरियल डावीकडे आणि दुसरी उजवीकडे कललेली. मनोरा कुठे आहे ते ठाऊक असेल तरच दिशादर्शक एरियल घ्यावी. नाहीतर चारी बाजूंनी ऐकणारी साधी दांडीच बरी.

आणि काड्यांवर विसंबू नये. काड्या लहरीचा जोर सांगतात, त्यातला गोंगाट नाही. दोन्ही दाखवणारे पान बहुतेक मोडेमच्या सेटिंगमध्ये असते. ते उघडून घरात चार-पाच ठिकाणी थांबावे, प्रत्येक जागी मिनिटभर. बांबू हलवत रेडिओ ऐकणारे आजोबा हेच करायचे, फक्त कानाने.